डाव्या बोटांवरची तार

साखर कोण करतं, असं आमच्या कारखान्यात विचारलं तर दहा जण पुढं येतील. शेतकरी म्हणेल मी, ऊस माझा. तोडणीवाला म्हणेल मी. संचालक मंडळ तर फोटोसकट सांगेल. खरी गोष्ट अशी आहे की साखर पॅनमन करतो, बाकीचे सगळे नुसता रस काढतात. ही बढाई आहे हे मला मान्य आहे, पण ती खरी आहे.

पॅन म्हणजे दोन मजले उंचीचं बंद भांडं. आतली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळं पाक कमी उष्णतेवर उकळतो. त्यात साखरेचा बारीक दाणा धरायचा, त्याला थोडा थोडा पाक पाजत वाढवायचा आणि सगळे दाणे एकसारखे झाले की तो घट्ट माल खाली सोडायचा. तीन-साडेतीन तासांचं काम. आत काय चाललंय ते वरून नीट दिसत नाही. म्हणून पितळी दांडीनं थोडा माल बाहेर काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरून दाणा बघायचा. उरलेला माल अंगठा आणि तर्जनीत धरून तार ओढायची. तार किती लांब येते, कशी तुटते, यावर पुढं पाक द्यायचा की थांबायचं ते ठरतं. आता मीटर आलेत, पडदे आलेत. आमचे चीफ केमिस्ट पडद्याकडं बघतात आणि मग मान वळवून पॅनमनच्या बोटांकडं बघतात.

आमच्यात एक रीत आहे. पाळी बदलताना जाणारा पॅनमन येणाऱ्याला काही सांगत बसत नाही. ताजा नमुना काचेवर घेतो आणि काच त्याच्या हातात देतो. येणाऱ्यानं ती बघायची आणि स्वतः ओळखायचं. काच हातात घेतली की पॅन त्याचा. एकवीस हंगाम मी अशी काच घेतली आणि दिली. त्यातले बारा हंगाम तीन नंबरच्या पॅनवर.

मग हंगाम संपून कारखाना बंद झाला आणि पुढच्याच आठवड्यात पलूसहून घरी येताना मी मोटारसायकलीवरून पडलो. दिवस मावळत होता. रस्त्याच्या कडेला एक रिकामी ट्रॉली उभी होती, तिला मागं लाल कापडाची चिंधीसुद्धा लावलेली नव्हती. माझ्याकडं हेल्मेट होतं. ते आरशाला अडकवलेलं होतं. त्याच्यावर एक ओरखडाही आला नाही, असं पंचनाम्याला आलेल्या पोलिसानं माझ्या बायकोला मुद्दाम सांगितलं. ते हेल्मेट तिनं अजून टाकलेलं नाही, दारामागं खुंटीला आहे.

मिरजेच्या दवाखान्यात मी सतरा दिवस बेशुद्ध होतो. मेंदूला सूज होती म्हणून डाव्या बाजूच्या कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि तो खराब होऊ नये म्हणून माझ्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवला. तीन महिन्यांनी तो परत जागेवर बसवला. हे ऐकून लोक तोंडाला पदर लावतात. पॅनवरचा माझा जोडीदार फौजेतून निवृत्त होऊन आलेला माणूस, तो भेटायला आला आणि खाटेशेजारी बसून गंभीरपणे म्हणाला, "गड्या, अक्कल आता पोटात गेली तुजी. जेवताना जपून." बायको त्याच्यावर लय भडकली होती म्हणे. मला त्यातलं काही आठवत नाही, पण नंतर कळल्यावर मी हसलो. अपघातानंतरचं माझं ते पहिलं हसू.

शुद्धीवर आल्यावर कळलं की शब्द गेलेत. गेले म्हणजे हरवले नव्हते, जागा बदलून बसले होते. पाणी मागायचं असलं की तोंडातून यायचं सिरप. चादरीला मी बॉयलर म्हणत होतो. बायकोला एकदा हाक मारली ती "साहेब" अशी. ती म्हणाली, ह्ये मातर असंच राहू द्या. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण अंगठा आणि तर्जनीत जाणीव आली नाही. वासही गेला. गोठा, फोडणी, मळी, सगळं सारखंच. कशालाच वास नाही.

तापट मी आधीपासूनच होतो. डोक्याला मार बसल्यावर तापटपणावरचं झाकणच उडालं. एकदा जेवताना मला मीठ हवं होतं आणि शब्द येत नव्हता. लेकीनं प्रेमानं "मीठ का बाबा?" म्हटलं आणि मी ताट भिंतीवर भिरकावलं. आमटीचे डाग पडले. लेक आत निघून गेली. बायको रडली नाही, ओरडली नाही. "ताट उचला," म्हणाली. मी उजव्या हातानं उचलायला गेलो. ते तीनदा निसटलं. ती तिथंच उभी राहून बघत होती, मदतीला वाकली नाही. मी ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं आणि मग तिनं मला पुन्हा वाढलं. त्या दिवसाची मला आजही लाज वाटते. लेकीची माफी मागायला मला दोन दिवस लागले, कारण माफी हा शब्दच सापडत नव्हता.

दिवाळीला बायकोनं रव्याच्या लाडवांचा पाक चुलीवर ठेवला आणि मला हाक मारली, "आवं, तार बघा." मला वाटलं माझी समजूत काढतेय. मी चिडून म्हणालो, तुला बघता येत नाही का. ती म्हणाली, "मला येती. तुमाला येती का त्ये बघायचं हाय."

मी उलथन्यावरचा पाक उजव्या चिमटीत घेतला. काहीच कळलं नाही. गरम आहे की गार, घट्ट की पातळ, काहीच नाही. एकवीस हंगाम ज्या बोटांवर माझी भाकरी होती ती बोटं लाकडाची झाली होती. संध्याकाळी अंगठ्याला टरारून फोड आला तेव्हा कळलं की पाक चांगलाच कढत होता. दुसऱ्या दिवशी तिनं परत पाक ठेवला. माझा उजवा हात उचलून पाठीमागं नेला आणि म्हणाली, ह्यो आजपासून सुट्टीवर. डावा आणा हिकडं.

डावा हात मेला अडाणी. त्यानं आयुष्यात फक्त घड्याळ बांधून घेतलं होतं. एकतारी पाकाला तो दोनतारी म्हणायचा, तार यायच्या आत ओढायचा, नाहीतर गोळी होईपर्यंत चोळत बसायचा. रोज दुपारी वाटीभर साखरेचा पाक. बायको चुलीपुढं, मी पाटावर. मी डोळे मिटून सांगायचं, ती बघून खरं-खोटं करायची. लाडू झाले, शंकरपाळ्या झाल्या, गुलाबजाम झाले, चिक्की झाली. लेक म्हणाली आता मला नुसती भाकरी आणि मिरची द्या. घरात मुंग्यांनी वस्ती केली. उरलेला पाक म्हशीच्या आंबोणात जायचा, त्या काळात आमच्या घरात तेवढी म्हैस आनंदात होती. तो हंगाम माझ्याशिवाय सुरू झाला आणि संपला. उन्हाळा गेला. गणपतीच्या सुमारास एके दिवशी मी चार वाट्यांतले चारही पाक डोळे मिटून बरोबर सांगितले. बायकोनं पाचवी वाटी पुढं केली. मी बोटं बुडवली आणि म्हणालो, हे नुसतं पाणी आहे. ती पदरात तोंड लपवून हसत बसली.

पुढच्या हंगामात मी कामावर हजर झालो. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, हलकं काम द्यावं. हलकं काम म्हणजे ऊस घेऊन आलेल्या गाड्यांना फाटकावर नंबर देणं. टेबल, खुर्ची, छत्री. तिथं मला कळलं की लोकांना दया आली की ते मोठ्यानं बोलतात. माझ्या डोक्याला मार लागला होता, कानाला नाही, हे मी किती जणांना सांगणार. वाक्यात अडलो की समोरचा लगेच शब्द पुरवायचा, तोही बहुतेक वेळा चुकीचा. एकदा मी एकच नंबर दोन ट्रॅक्टरना दिला. दोघं ड्रायव्हर बाह्या सरसावून माझ्या टेबलाशी आले, माझ्या डोक्यावरचा व्रण बघितला आणि दोघंही एकदम मऊ झाले. असू द्या, असू द्या, म्हणत माघारी फिरले. आपापसात भांडलेसुद्धा नाहीत. त्यांची चूक काहीच नव्हती, पण मी वजनकाट्याच्या मागं जाऊन रडलो.

जानेवारीत टाइम ऑफिसातून निरोप आला. महिनाअखेर माझी जागा कायमची ठरवायची होती. एकतर पॅन, नाहीतर फाटक. तीन नंबरवर माझ्या जागी ज्याला घेतलं होतं, त्याला कायम करायचं होतं. तो माझ्याच हाताखाली शिकलेला, चांगला पॅनमन. त्याच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणजे थोडं होतं, पण ते मी गिळलं. मला एवढंच कळत होतं की महिनाअखेरपर्यंत मी पॅनवर गेलो नाही तर उरलेली चौदा वर्षं छत्रीखाली बसून मी लोकांची दया खाणार.

चीफ केमिस्टांकडं गेलो. हे साताऱ्याकडचे, कमी बोलणारे गृहस्थ. मी म्हणालो, मला एक पॅन द्या. त्यांनी विचारलं, विसरता का अजून? मी म्हणालो, विसरतो. पॅनवर विसरून चालत नाही, ते म्हणाले. मी म्हणालो, माहीत आहे. मग त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि सांगितलं, उद्या सकाळची पाळी, तीन नंबर, एकच पॅन. मी शेजारी उभा राहीन. माल बिघडला तर पुन्हा मला विचारायचं नाही.

घरी बायको म्हणाली, वही न्या, काय केलं ते लिहीत जा. मी नाही म्हटलं. पॅन कधी भरला, कधी सोडला हे आम्ही लिहितो, पण मधे काय दिलं, किती दिलं ते कुणी लिहीत नाही. ते अंगात असतं. हातात वही घेतलेला पॅनमन म्हणजे सगळ्या पॅनघराला हसायला विषय. मी वही नेली नाही. सांगून टाकतो, ती माझी घोडचूक होती.

सकाळी लोखंडी जिना चढून वर गेलो. जाणाऱ्या पॅनमननं काच पुढं केली आणि मी ती डाव्या हातानं घेतली. त्याची नजर माझ्या डाव्या हातावर थांबली. पॅनघरात नेहमीची ऊब होती. वास तेवढा नव्हता.

पहिले दोन तास मी राजा होतो. दाणा छान धरला. दर थोड्या वेळानं दांडी, काच, दिवा, तार. डावा अंगठा शहाण्यासारखा वागत होता. चीफ पाठीमागं हात बांधून उभे होते. जोडीदार वाफेचा कॉक बघायला खाली-वर करत होता आणि दर फेरीला "ओके रिपोर्ट" म्हणत होता. मग कुठंतरी व्हॅक्युम ढिला पडला, पुन्हा चढला आणि काचेवर मोठ्या दाण्यांच्या मधे बारीक धूळ दिसायला लागली. याला आम्ही खोटा दाणा म्हणतो. तो राहिला तर खाली साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या मशिनींवर माल अडकतो, मळी सुटत नाही. त्यावर उपाय पाण्याचा. पॅनमध्ये बेतानं पाणी सोडायचं, बारीक धूळ विरघळते आणि खरा दाणा टिकतो. पाणी जास्त झालं तर खरा दाणाही जातो, तीन तासांचं काम पुन्हा पाक होऊन बसतं.

मी पाण्याच्या कॉककडं गेलो. तेवढ्यात चीफना फोन आला, त्यांनी मला व्हॅक्युमचा आकडा विचारला, मी मान वळवून तो वाचून सांगितला आणि पुन्हा वळलो. माझा हात कॉकवर होता. कॉक बंद होता. आणि मला आठवेना, की मी तो आता उघडणार होतो, की उघडून, पाणी देऊन, बंद करून झाला होता.

डोक्यात काहीच नव्हतं. आठवण पुसट झाली असती तर तिच्यामागं लागता आलं असतं, पण तिथं कोरी जागा होती. जुना मी असतो तर चेहरा तसाच ठेवून काहीतरी ठोकून दिलं असतं. आमच्यात माहीत नाही असं कुणी म्हणत नाही. पॅन बिघडला तर बॉयलरचा दोष, बॉयलरचा नसला तर उसाचा, अगदीच नाही तर पावसाचा. मीही एकवीस हंगाम तेच केलं होतं. पण जुन्या मला निदान मनातल्या मनात ठाऊक असायचं की चूक कुठं झाली. आता तेही नव्हतं. वळलो आणि म्हणालो, "साहेब, पाणी दिलं का न्हाई मी, मला आठवत न्हाई."

जोडीदार जिन्यावरून सगळं बघत होता. त्यानं सांगायला तोंड उघडलं तर चीफनी हातानंच त्याला थांबवलं. मला म्हणाले, "मी सांगणार नाही. काच बघा."

मी दांडी आत घातली, नमुना काढला, काचेवर पसरला आणि काच दिव्यासमोर धरली. आधी धूळ बघितली. होती, पण विरळ. त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. मग मोठ्या दाण्याकडं बघितलं. वाढत्या दाण्याचे कोपरे तीक्ष्ण असतात, फोडलेल्या खडीसाखरेचे असतात तसे. हे कोपरे बोथट होते. एक नाही, दोन नाही, काचेवरचे सगळेच. कुणीतरी प्रत्येक दाण्यावरून हलकेच पाणी फिरवलं होतं, आणि पाण्याच्या कॉकपाशी माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"दिलंय," मी म्हणालो. "आता द्यायचं न्हाई. थांबायचं."

जोडीदाराला वाफ थोडी वाढवायला सांगितली. पाक देणं बंद ठेवलं. दहा मिनिटांनी काच घेतली, धूळ जवळजवळ गेलेली. अजून दहा मिनिटांनी घेतली, पूर्ण साफ. आणखी एक काच घेतली तेव्हा दाण्यांना पुन्हा कोपरे फुटायला लागले होते. मी डाव्या चिमटीत माल धरून तार ओढली, ती हवी तेवढी आली आणि हवी तिथं तुटली. मग पाक दिला. मी पाणी कधी सोडलं ते मला आठवलं नाही, आजही आठवत नाही. पण सोडलं होतं हे मी माझ्या डोळ्यांनी वाचून काढलं. मेंदूतला एक कप्पा रिकामा झाला तर झाला, काच वाचणारा शाबूत होता. त्या क्षणी मला माझा जितका अभिमान वाटला तितका लग्नातही वाटला नव्हता, आणि लग्नात मी घोड्यावर बसलो होतो.

माल सोडायच्या आधी चीफनी शेवटची काच स्वतः घेतली. दिव्यासमोर फिरवून फिरवून बघितली. मग खिशातलं पेन काढून पाळीच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाले, "उद्यापासून सकाळची पाळी, तीन नंबर. आणि वही आणा. पाणी दिलं की लिहायचं, पाक दिला की लिहायचं." मी म्हणालो, आणतो. कुणाला हसायचं असलं तर हसू दे, असंही म्हणणार होतो, पण वाक्य लांब होतं. ते खाली गेले. जोडीदारानं मला फौजी सॅल्यूट ठोकला आणि मग डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं करून जर्सीच्या बाहीनं ते पुसत राहिला.

माल खाली सुटला. बरोबर अर्धा तास उशिरा. थोड्या वेळानं लोखंडी जिन्यावर दणदण पावलं वाजली. खालच्या मशिनींवरचा, जत तालुक्यातला, आडदांड ऑपरेटर वर आला. मी आजारी असताना हा दवाखान्यात दोनदा नारळपाणी घेऊन आलेला. कमरेवर हात ठेवून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"आवं अण्णा, काय झोपला व्हता का वर? अर्धा तास झाला, माज्या मशिनी रिकाम्या गरगरत्यात. पॅन सोडायचा का आंडी उबवायची?"

जोडीदार डोळ्यांनी त्याला खुणावत होता. त्याचं लक्षच नव्हतं, किंवा त्यानं लक्ष दिलं नाही. पावणेदोन वर्षांत मला कुणी असं बोललं नव्हतं. माझी कानशिलं गरम झाली, अगदी जुन्यासारखी.

"दाणा बघितलास का?" मी विचारलं.

"दाणा झ्याक हाय. त्याबद्दल कोण बोलतंय? उशीर त्यो उशीर."

"सकाळी वर येताना बघितलंय, तुज्या दोन नंबरच्या मशिनीतनं साखर मळीत पडती," मी म्हणालो. "आधी तिची ती बदल. ती..."

शब्द गेला. मशिनीच्या आत जी बसवलेली असते, जिच्यावर साखर अडते आणि मळी निघून जाते, तिचं नाव. जोडीदार पुढं सरकला, त्याच्या ओठावर शब्द आलेला मला दिसला. मी हात आडवा केला. ऑपरेटर कमरेवर हात ठेवून तसाच उभा होता. त्यानं शब्द पुरवला नाही, तोंड मऊ केलं नाही, दुसरीकडं बघितलं नाही. भांडणात पुढच्याचं बोलणं संपेपर्यंत माणूस थांबतो तसा, रागानं लाल होऊन, थांबला. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"जाळी," मी म्हणालो. "जाळी फाटलीया तुजी. ती बदल आधी, आनि मग वर येऊन मला शिकव."

"बदलतो," तो म्हणाला आणि जिन्याकडं वळला. "पर उद्या येळंवर सोडा."